मागेल त्याला काम : रोजगार हमी, संशोधन आणि राजकीय समजुती

रोजगार हमी योजनेबद्दल महाराष्ट्राच्या खेड्यांत दोन मते वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. बागायतदार म्हणतो, सरकारने कामे काढली की खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळालाच तर सांगेल तो दर द्यावा लागतो, आणि सरकारी कामावर मजूर नुसता बसून पैसे घेतो. मजूर म्हणतो, काम निघाले तर चूल पेटते. पण ते वेळेवर निघत नाही, आणि निघाले तरी मजुरी अडकून पडते. शहरातल्या दिवाणखान्यात यांपैकी पहिले मत जास्त ऐकू येते. दोन्ही मतांत वस्तुस्थितीबद्दलची विधाने आहेत, हितसंबंध आहेत आणि न्याय-अन्यायाची कल्पनाही आहे. विधानांची शहानिशा करणे आणि हितसंबंध मोजणे ही अर्थशास्त्रीय संशोधनाची रोजची कामे. न्यायाची कल्पना माणसाच्या मनात कुठून येते, हा प्रश्नही गेल्या काही दशकांत या शास्त्राने हाती घेतला आहे. तिन्ही कामे एका ठिकाणी पाहायची तर रोजगार हमीइतके सोयीचे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. ही योजना महाराष्ट्रात जन्मली, कायद्यात बसली, देशभर गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा अभ्यास झाला.

योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे गाव. त्याच भागात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, ती राज्यात लागू झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गाठले. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांचे मातीकाम आणि खडी फोडणे ही त्या कामांची ओळख. सुकडी आणि मिलो हे दुष्काळात वाटल्या गेलेल्या अन्नाचे, त्या वर्षांनी मराठीला दिलेले शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. दुष्काळ सरला, तरी योजना राहिली. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे सरकारवर बंधनकारक झाले, आणि १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद झाली.

दुष्काळाने निकड आणली, पण विचार आधीपासून शिजत होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. उष्मांकांच्या गरजेवरून त्यांनी किमान खर्चाची रेषा आखली, आणि १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते असे दाखवले. त्याहून वादग्रस्त होते ते पुढचे म्हणणे : जमिनीचे फेरवाटप केले तरी सगळ्यांना पुरेल एवढी जमीन देशात नाही, म्हणून वरच्या थराकडून कर घेऊन खालच्या थराला काम द्यावे. डाव्यांना यात जमीन सुधारणेला दिलेली बगल दिसली, उजव्यांना करांचा बोजा दिसला. आकडा एकच, आणि त्यावर दोन्ही बाजू नाराज. हे पुढेही अनेकदा घडले.

योजनेवरचा पहिला साधा प्रश्न असा होता की कामावर येते कोण. गरिबांसाठी काढलेली योजना सधन माणूस गिळतो, हा भारतीय अनुभव आहे. दारिद्र्यरेषेखालच्या याद्या तयार करणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय, आणि याद्यांत नाव कसे लागते हे गावात सर्वांना ठाऊक असते. रोजगार हमीत यादीच नाही. उन्हात टिकाव-फावडे घेऊन दिवसभर माती उपसायची आणि मोजमापाप्रमाणे थोडकी मजुरी घ्यायची, या अटीवर ज्याला परवडेल तो येईल. ही अट चाळणीचे काम करते, हा मुद्दा टिमथी बेस्ली आणि स्टीफन कोट यांनी १९९२ साली सैद्धांतिक रूपात मांडला. पण गोखले संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर त्याआधीच कामांवर जाऊन मजुरांची पाहणी करीत होत्या. मंजू साठे यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. कामावर येणारी बहुसंख्य कुटुंबे दारिद्र्यरेषेखालची आहेत आणि स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, असे त्यात आढळले. बाईला रोजगार हमी का सोयीची वाटे, याचे उत्तर अवघड नाही. काम गावाजवळ, मुकादमापेक्षा हजेरीपटाला जास्त महत्त्व, आणि मजुरी मापावर ठरत असल्याने बाई-पुरुष हा भेद निदान कागदावर तरी नाही.

दुसरा प्रश्न अधिक बारकाईचा होता. सरकारने मजुराला शंभर रुपये दिले, म्हणजे त्याची मिळकत शंभराने वाढली का? तो त्या दिवशी दुसरीकडे कामाला गेला असता, तर तिथली मजुरी बुडाली. ती सगळीच बुडाली असेल, तर योजनेने गरिबाला काहीच दिले नाही. फक्त मालक बदलला. हे तपासायला माणसाच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब लागतो, आणि योगायोगाने तो उपलब्ध होता. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांत तळ ठोकून कुटुंबांचे श्रम, पीक, कर्ज आणि खर्च यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांत सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कान्झारा ही गावे होती. या नोंदी घेऊन गौरव दत्त आणि मार्टिन राव्हालियन यांनी १९९४ साली दाखवले की रोजगार हमीवर गेल्यामुळे बुडालेली मिळकत हाती पडलेल्या मजुरीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकीच होती. बाकीचा वेळ रिकामा, घरकामाचा किंवा कामाच्या शोधातला होता, आणि घरातल्या कामाचा भार कुटुंबातल्या दुसऱ्या कोणी तरी उचलला. ‘मजूर पळवले जातात’ या तक्रारीला निदान त्या दोन गावांत आणि त्या काळात फारसा आधार नव्हता.

याच संशोधकांचे एक आधीचे काम मात्र योजनेच्या कैवाऱ्यांना रुचणारे नव्हते. १९८८ साली किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. दर दुप्पट झाला तर कामाला येणारे वाढायला हवेत; प्रत्यक्षात योजनेवरचे मनुष्यदिवस घटले. राव्हालियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ च्या लेखात दाखवले की काम मागणारे कमी झाले नव्हते, काम देणे कमी झाले होते. खर्चाची तरतूद मजुरीइतकी वाढली नाही, तेव्हा प्रशासनाने पुरवठा आवळला. हमी अशी आवळायला कायद्याला हात लावावा लागत नाही. काम दूरच्या गावी काढायचे. चालू काम संपल्यावर पुढच्याला तांत्रिक मंजुरी आलेली नाही असे सांगायचे. अर्ज घ्यायचा पण पोच द्यायची नाही. पोच नसली की १५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, आणि भत्त्याचा प्रश्नही उद्भवत नाही. कायद्यात हमी शाबूत राहिली आणि व्यवहारात रांग लागली. या निष्कर्षाचा अर्थ किमान वेतन देऊ नये असा नाही. मजुरी, खर्चाची मर्यादा आणि हमी या तीन गोष्टी एकाच वेळी हव्या तशा ठरवता येत नाहीत, एवढाच तो आहे. वेतनवाढीची मागणी करणाऱ्यांनी आणि ती मान्य करणाऱ्यांनीही तो फारसा मनावर घेतला नाही.

पैसा कुणाचा, हा प्रश्न इथेच येतो. योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा कापल्या जाणाऱ्या, वर्षाकाठी २,५०० रुपयांच्या घटनात्मक मर्यादेत बसणाऱ्या त्या छोट्या रकमेचा उगम खेड्यातल्या मातीकामात आहे, हे बहुतेक कापून घेणाऱ्यांना ठाऊक नसते. शहराने खेड्याला पैसे द्यावेत आणि त्याबद्दल बंड होऊ नये, हे राजकारणात सहसा घडत नाही. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ साली याचा उलगडा हितसंबंधांच्या भाषेत केला. शहरांना झोपडपट्ट्यांकडे येणारा लोंढा थोपवायचा होता. ग्रामीण सधनांना रस्ते, बंधारे आणि विहिरींचे पाणी मिळणार होते. सत्ताधारी पक्षाला दोन्हीकडे दाखवायला काही हवे होते. गरीब हा या युतीतला एक भागीदार होता, सगळ्यांत मोठा नव्हे. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली. डाळिंब, बोर, काजू, आंबा यांच्या बागा उभ्या राहिल्या, कोरडवाहू मुलखाचे रूप काही ठिकाणी पालटले. ज्याच्याकडे जमीन आहे त्याचाच त्यात मुख्य लाभ होता, ही गोष्टही तितकीच खरी.

रोजगार हमीचा देशव्यापी कायदा २००५ साली झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून प्रारंभ झाला तेव्हा २०० जिल्हे त्यात होते. पुढच्या वर्षी १३० वाढले आणि एप्रिल २००८ पासून ग्रामीण भारत सगळा आला. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी मिळाली. टप्प्याटप्प्याने विस्तार करणे ही सरकारची प्रशासकीय सोय होती. संशोधकांना त्यातून तुलनेची संधी मिळाली. एकाच वेळी काही जिल्ह्यांत योजना आहे, काहींत अजून नाही, असे चित्र दोन वर्षे राहिले. क्लेमाँ आँबेर आणि जॉन पॅप यांनी २०१५ साली या तुलनेतून काढलेला निष्कर्ष असा : पावसाळा सोडून बाकीच्या, म्हणजे कामे निघतात त्या हंगामात, खासगी रोजंदारीचे दर ४.७ टक्क्यांनी वाढले, आणि खासगी कामावरचे दिवस थोडे घटले. जिथे योजना नीट राबवली गेली तिथे हा परिणाम मुख्यतः दिसला. त्यांनी लाभ-हानीचा ताळेबंदही मांडला. रोजगार हमीवर कधीच न गेलेल्या मजुरालाही वाढलेल्या दराचा फायदा झाला. मजूर लावणाऱ्या सधन कुटुंबांचा तोटा झाला.

म्हणजे बागायतदाराची दराबद्दलची तक्रार खरी निघाली. तोटा काल्पनिक नव्हता. वाद उरला तो त्याच्या कारणाचा आणि त्याला काय म्हणायचे याचा.

कारणाचा शोध आंध्र प्रदेशातल्या एका मोठ्या प्रयोगाने पुढे नेला. मजुरी वाटपासाठी बोटांच्या ठशांवर चालणारी कार्डे आणण्याचे तिथल्या सरकारने ठरवले, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहॉस आणि संदीप सुखतणकर यांनी कार्डे आधी कुठे आणि नंतर कुठे जायची याचा क्रम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून घेतला. १५७ मंडलांवर, म्हणजे तालुक्यांसारख्या प्रशासकीय विभागांवर, हा प्रयोग झाला. मजुरी लवकर मिळू लागली आणि वाटेतली गळती कमी झाली, हे २०१६ च्या लेखात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला पुढचा निष्कर्ष अनपेक्षित होता. लाभार्थी कुटुंबांची मिळकत १४ टक्क्यांनी वाढली होती, पण या वाढीतला ८६ टक्के भाग रोजगार हमीच्या मजुरीतून आलेलाच नव्हता. तो खासगी कामातून आला होता : दर वाढले, आणि कामही वाढले. जमिनीपासूनचे उत्पन्न घटले. सर्वांत बोलका तपशील असा की जिथे जमीन मोजक्या हातांत होती त्या गावांत कामाची वाढ जास्त होती.

बाजारपेठेच्या पाठ्यपुस्तकी चित्रात दर वाढला की मालक माणसे कमी लावतो. गावात दोन-तीनच मोठे जमीनदार असतील आणि मजुराला बाहेर जायला मार्ग नसेल, तर चित्र वेगळे होते. मालक मुद्दाम कमी माणसे कमी दराने लावतो, कारण एकाचा दर वाढवला तर सगळ्यांचा वाढवावा लागतो. मजुराला ‘नाही’ म्हणता येण्याइतका दुसरा आधार मिळाला की दर चढतो, आणि त्या दराला घरी बसलेली माणसेही कामाला येतात. अमेरिकेत हाच वाद किमान वेतनावर झाला होता. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्वेनियातल्या मिळून ४१० उपाहारगृहांची आधी आणि नंतर पाहणी केली. नोकऱ्या घटल्याचे आढळले नाही. त्यावर इतर अर्थशास्त्रज्ञांनी वेगळी आकडेवारी मांडून हरकत घेतली, आणि वाद अजून मिटलेला नाही. पण ‘वेतन वाढले की नोकऱ्या जाणारच’ हे विधान सिद्धांताच्या आसनावरून खाली उतरले. ते ठिकाणागणिक तपासायचे विधान झाले. १९८८ चा महाराष्ट्र आणि आंध्रातला प्रयोग यांत विसंगती दिसते तीही इथेच सुटते. एका ठिकाणी मालक सरकार होते आणि त्याची थैली बांधलेली होती. दुसऱ्या ठिकाणी दर चढला तो खासगी मालकांचा.

गळतीबद्दलचा दुसरा एक अभ्यास बिहारमधला, २०१२-१३ चा. पैसा आगाऊ न पाठवता झालेल्या कामाच्या नोंदीनुसार थेट पाठवण्याची पद्धत काही भागांत आणली, तेव्हा योजनेवरचा खर्च २४ टक्क्यांनी घटला. घरोघरच्या पाहणीत मात्र मजुरांचे काम घटलेले दिसले नाही. फरक कुठे जात होता, हे सांगायला नको.

इतका पुरावा साठल्यावर मते बदलायला हवी होती. राजकीय व्यासपीठावर तसे घडले नाही. २०१५ साली पंतप्रधानांनी लोकसभेत या योजनेचा उल्लेख आधीच्या राजवटीच्या अपयशाचे स्मारक असा केला. २०२० च्या टाळेबंदीत मजूर गावी परतले तेव्हा त्याच सरकारने ६१,५०० कोटींच्या मूळ तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घातली. या वळणाला संशोधन कारण नव्हते. रस्त्यांवरून चालत निघालेली माणसे कारण होती.

माणसाचे मत अनुभवातून आणि हितसंबंधांतून घडते, हे म्हणणे जुने आहे. ते सिद्ध करणे अवघड, कारण मत आधी की परिस्थिती आधी हे ओळखता येत नाही. म्हणून ब्यूनस आयर्सच्या उपनगरातली एक घटना मोलाची ठरली. १९८१ साली सुमारे १,८०० भूमिहीन कुटुंबांनी तिथली एक पडीक जागा बळकावून वस्ती केली. १९८४ मध्ये कायदा करून ती जमीन मूळ मालकांकडून घेऊन रहिवाशांच्या नावे करायचे ठरले. मालक १३ होते. आठ जणांनी भरपाई घेतली, पाच जण कोर्टात गेले. त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्या, एकाच वेळी आलेल्या, एकाच परिस्थितीतल्या कुटुंबांपैकी काहींना घराची कागदपत्रे मिळाली आणि काहींची वर्षानुवर्षे रखडली. कुणाची जागा कोणत्या मालकाची हे बळकावताना कुणालाच ठाऊक नव्हते. राफाएल दि तेला, सेबास्तिआन गालिआनी आणि एर्नेस्तो शार्ग्रोद्स्की यांनी पुढे दोन्ही गटांना विचारले : माणूस एकट्याच्या बळावर वर येऊ शकतो का, पैसा सुखासाठी महत्त्वाचा आहे का. कागदपत्रे मिळालेल्यांची उत्तरे बाजारव्यवस्थेला जास्त अनुकूल होती. एका कागदाने विचारसरणी थोडी सरकली. व्यवसाय कर भरणारा आणि हजेरीपटावर अंगठा उठवणारा यांची मते वेगळी असतात यात मग नवल उरत नाही.

निव्वळ माहिती दिल्याने मत किती हलते, हेही तपासले गेले आहे. इल्याना कुझिएम्को, मायकल नॉर्टन, एमान्युएल सेझ आणि स्टेफनी स्टँचेवा यांनी २०१५ साली अमेरिकी नागरिकांना देशातील विषमतेचे खरे आकडे दाखवले. विषमता ही समस्या आहे असे मानणारे वाढले. त्यावर सरकारने काय करावे याबद्दलची मते जवळजवळ तिथेच राहिली. सरकारवरचा विश्वासच उणा असेल तर समस्या पटूनही उपाय पटत नाही, असा त्याचा एक अर्थ त्यांनी लावला. अपवाद होता वारसा कराचा. तो फक्त अगदी थोड्या, अतिश्रीमंत कुटुंबांना लागतो हे कळल्यावर त्याचा पाठिंबा ठळकपणे वाढला. तिथली चूक साधी होती : आपल्यालाही तो भरावा लागेल, असे लोक धरून चालले होते.

अनुभवाने मत बदलते तेव्हाही ते सगळे बदलत नाही, हे पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात दिसले. पंचायतींचे प्रधानपद स्त्रियांसाठी आळीपाळीने राखीव होत असल्यामुळे कोणत्या गावाला स्त्री प्रधान लाभली हे गावकऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून नव्हते. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्तेर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांनी गावकऱ्यांना एकच भाषण कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवले. जिथे कधीच स्त्री प्रधान झाली नव्हती तिथे पुरुष श्रोत्यांना बाईच्या आवाजातला नेता कमी कर्तबगार वाटला. जिथे आरक्षण झाले होते तिथे हा फरक राहिला नाही. पुढारी पुरुषच बरा, ही आवड मात्र दोन्हीकडे कायम होती. आवड हटली नाही. कर्तबगारीचा अंदाज सुधारला. आणि मतदानाला तेवढे पुरले : दोन वेळा आरक्षण झालेल्या ठिकाणी नंतर खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

असाच परिणाम शहरातही दिसला. मुंबई महापालिकेच्या निवडणुकांवर रिखिल भावनानी यांनी केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले प्रभाग त्यांनी घेतले, आणि दोन्ही वेळा खुल्या राहिलेल्या प्रभागांशी त्यांची तुलना केली. आधी राखीव असलेल्या प्रभागात स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. कारणे दोन सांगितली गेली. आरक्षणामुळे निवडून येऊ शकणाऱ्या स्त्रिया राजकारणात आल्या होत्या. आणि बाई उभी केली तर जागा पडत नाही, हे तिकीट वाटणाऱ्या पक्षांना कळले होते. तरीही खुल्या प्रभागांत बहुतेक तिकिटे पुरुषांनाच मिळाली, आणि पाचपट ही वाढही मुळातल्या अगदी तुटपुंज्या आकड्यावरची होती.